कोल्ह्याला अहोजाहो

माझी मुलगी सहा वर्षांची होती तेव्हा जगातल्या यच्चयावत प्राण्यांना 'ते' म्हणायची. आणि नुसतं ते नाही. 'ते आले', 'ते बसलेत', 'ते भिंतीवरून पलीकडे गेले'. शेजारणीच्या बोक्याला अहोजाहो, खारीला अहोजाहो! लीड्समधल्या आमच्या मराठी मंडळाच्या बायकांना ती एक करमणूकच झाली होती. कुणाच्याही घरी गेलं की त्या मुद्दाम तिला खिडकीपाशी न्यायच्या आणि विचारायच्या, "बाळा, ते कबूतर काय करतंय गं?" ती गंभीरपणे सांगायची, "ते जेवतायत." सगळ्या खो-खो हसायच्या आणि मी दातओठ खात चहा प्यायची.

कारण चूक तिची नव्हतीच. हे हॉस्पिटलात रजिस्ट्रार डॉक्टर, घरी यायचे ते झोपायला. मी त्याच हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये. मराठी तिच्या कानावर पडायचं ते माझ्या तोंडून, आणि माझ्या तोंडी सदा दोनच माणसं: 'हे' आणि 'ते'. हे म्हणजे माझा नवरा. ते म्हणजे पुण्याला असलेले माझे सासरे. हे दमलेत, त्यांचं पत्र आलं, ते असं म्हणाले. त्यावरून पोरीनं आपला नियम बसवला: जवळ असेल तर हे, लांब असेल तर ते. प्राणी नेहमी लांबच असायचे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. त्या वर्षी ऑक्टोबरात खुद्द 'ते' आमच्याकडे राहायला आले. सासूबाईंना जाऊन वर्ष झालं होतं. शेजारच्या काकूंनी पत्रात कळवलं होतं, की सासरे दूध-पाव खाऊन दिवस काढतात, गॅस पेटवत नाहीत, आणि विचारलं तर 'जेवलो' म्हणून दार लावून घेतात. ह्यांनी ते पत्र दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी तिकीट काढलं. परतीचं मार्चमधलं. खरं सांगते, पत्र वाचून त्या रात्री मलाही जेवण गेलं नव्हतं. पण मार्चपर्यंतचे महिने मी बोटांवर मोजलेही होते.

सासऱ्यांची उभी हयात छापखान्यात गेलेली. कॅलेंडरं, लग्नपत्रिका, देवांच्या रंगीत तसबिरी. मशीनमन म्हणून लागले आणि फोरमन होऊन रिटायर झाले. बोलणं कमी, खोट काढणं जास्त. आल्या दिवशी चहाचा कप हातात घेऊन किचनमध्ये उभे राहिले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवून म्हणाले, "हे गेल्या सालचं आहे."

होतंच. सेलमध्ये घेतलं होतं मी. त्यावर जुनी जपानी चित्रं होती, लाकडी ठशांनी छापलेली. दर महिन्याला एक ऋतू आणि त्यात एक जनावर: बर्फाच्या फांदीवर कावळा, पावसात तिरकी उडणारी पाकोळी, गवतात चंद्राकडे बघत बसलेला कोल्हा. लॅबमधून दमून आलं की त्या कोल्ह्याकडे बघत मी कणीक मळायची. बरं वाटायचं. वारांचं कोण विचारतंय!

"मला चित्रं हवी होती," मी म्हणाले.

"चित्रं हवी तर चित्रं लावावीत. कॅलेंडरवर वार खरा पाहिजे."

झालं. पहिल्याच दिवशी डोक्यात तिडीक गेली. त्यानंतर डाळीत मीठ, मुलीचे मोजे, माझं ड्यूटीवरून उशिरा येणं, सगळ्यात काही ना काही निघायचं. एक मात्र मानायला हवं. दुपारी साडेतीनला मफलर गुंडाळून ते शाळेच्या फाटकाशी उभे असायचे, आणि मुलगी त्यांचं बोट धरून बडबडत घरी यायची. ती 'ते कावळा' म्हणाली की ते 'तो कावळा' म्हणायचे. ती 'ते चिमणी' म्हणाली की 'ती चिमणी'. तिच्या डोक्यात काही शिरत नव्हतं, पण दोघांनाही त्याचा कंटाळा येत नव्हता.

आता कोंबडीची गोष्ट सांगायला हवी, कारण घोडं अडलं ते तिथं. सासरे शुद्ध शाकाहारी. ते असेपर्यंत घरात चिकन बंद, असा मी आणि ह्यांनी ठराव केला होता. पण एका सोमवारी ते मंडळातल्या एका गृहस्थांकडे भजनाला गेले होते, तेव्हा ह्यांनी टेकअवेतून तंदुरी चिकन आणलं. आम्ही खिडक्या उघड्या टाकून, कुडकुडत, चोरांसारखे जेवलो. हाडं पेपरात गुंडाळून मागच्या बागेतल्या कचऱ्याच्या बिनच्या तळाशी.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास लॅबमध्ये माझ्यासाठी फोन. घरच्या फोनच्या वर मी नंबर चिकटवून ठेवला होता, अगदीच काही झालं तर कर म्हणून.

"आई," मुलगी कुजबुजत म्हणाली, "ते चिकन खातायत."

"काय?"

"बागेत. बिनमधलं. खाली बसून. खूप भूक लागलीय त्यांना."

मशीनची घरघर चालू, समोर सुपरवायझर घड्याळाकडे बघत उभा. मी कुजबुजत विचारलं, "नक्की ते?" तर ती वैतागून म्हणाली, "ते म्हणजे ते!" आमच्या घरात 'ते' एकच. मी फोन ठेवला, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि बस पकडली.

त्या बसमधला अर्धा तास मी विसरणार नाही. आधी राग आला. फ्रिजमध्ये पोळीभाजी झाकून ठेवली होती, तिला हात लावायचा नाही आणि हे असलं! मग काकूंचं पत्र आठवलं, दूध-पाव आठवला, आणि वाटलं, बाई गं, हा माणूस माझ्या घरात उपाशी आहे. माझ्यामुळे मागून खायला लाजतोय. आणि मग पुन्हा राग आला, ह्या वेळी स्वतःचा. माझं असं आहे, की स्वतःचा राग आला की तो मी दुसऱ्यावर काढते.

घरात शिरले तर सासरे खुर्चीवर मांडी घालून जुना पेपर वाचत होते. कोटसुद्धा न काढता मी म्हणाले, "बाबा, भूक लागली होती तर फ्रिज उघडायचा. बिनमधलं चिकन कशाला खायचं?"

त्यांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला.

"चिकन?" ते म्हणाले. "ह्या घरात?"

तेवढ्यात मुलगी मागच्या खिडकीतून ओरडली, "आई, ते गेले! शेपटी किती मोठी आहे त्यांची!"

बागेत काळी पिशवी फाडलेली, हाडं पसरलेली, आणि कुंपणाखालून एक लाल शेपूट निघून चाललं होतं. मी कपाळाला हात लावला. सासरे उठून खिडकीशी आले, हाडांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. एकाच वाक्यात मी त्यांना उष्टं खाणारा ठरवलं होतं आणि वर आमची चोरीही उघडी पाडली होती. ते परत खुर्चीवर जाऊन बसले आणि पेपर तोंडासमोर धरला. संध्याकाळी हे घरी आले तसे ह्यांना म्हणाले, "माझं तिकीट अलीकडचं करून आण."

ह्यांनी खूप समजावलं. उपयोग शून्य. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख मिळाली. मी माफी मागायला हवी होती. दोन शब्द, 'चुकलं माझं'. ते मला म्हणवेनात. मार्च एकदम डिसेंबरवर आला होता, मला आनंद व्हायला हवा होता, आणि मी मात्र रोज बसमध्ये बसून त्या बंद दाराचा आणि दूध-पावाचा विचार करत होते. हा माणूस तिकडे गेला तर जेवणार नाही. हे मला माहीत होतं, ह्यांना माहीत होतं, आणि बहुतेक त्यांनाही.

मुलीला फक्त एवढंच कळलं होतं, की आजोबा रागावलेत आणि ते कोल्ह्यामुळे. तिनं जाऊन त्यांना सांगितलं, "आजोबा, त्यांच्यावर रागावू नका. ते म्हातारे आहेत."

रुसलेला माणूस कुठं बसतो? कुणाचं तोंड दिसणार नाही अशा ठिकाणी. सासरे किचनच्या टेबलाशी भिंतीकडे तोंड करून बसायला लागले, आणि त्यांच्या तोंडासमोर माझं ते गेल्या सालचं कॅलेंडर. दोन दिवस नुसतं बघत बसले. तिसऱ्या दिवशी वरच्या खोलीतून आपलं भिंग घेऊन आले, छापखान्यातलं, घडीचं, पितळी. ते कोल्ह्यावर टेकवलं आणि डोळा लावला.

"ठिपके आहेत," ते म्हणाले. मला नव्हे, भिंतीला. "हा फोटोवरून केलेला छाप. मूळ वेगळं असणार. मूळ ठोकळ्यांचं. दर रंगाला वेगळा ठोकळा, आणि रंगाला रंग बसवायचा. हा मिशीचा केस बघ. लाकडात एवढा केस उभा ठेवायचा म्हणजे बाकीचं सगळं कोरून टाकायचं." मग थोड्या वेळानं, "मूळ कुठं बघायला मिळत असेल?"

महिनाभरात त्यांनी मला विचारलेला तो पहिला खरा प्रश्न होता. आणि लायब्ररीच्या बोर्डावर मी जाहिरात पाहिली होती, गावातल्या आर्ट गॅलरीत जपानी चित्रं मांडलीयत म्हणून. शनिवारी आम्ही तिघं बसनं गेलो. एक खोली, दिवे अगदी मंद, भिंतीवर वीसेक चित्रं. वसंत, उन्हाळा, पानगळ, बर्फ. सासरे एकेका चित्रापुढे इतका वेळ उभे राहायचे की मी दोनदा बाकावर बसून आले.

बर्फाच्या चित्रांच्या भिंतीपाशी मात्र ते अडकलेच. चित्रात एक बगळा. पांढरा कागद, पांढरा बर्फ, पांढरा पक्षी. रंग म्हणाल तर फक्त चोच आणि पाय. मला वाटलं, ह्यात बघायचं काय? सासरे डावीकडे गेले, उजवीकडे गेले, आणि मग भर गॅलरीत गुडघे टेकून खाली बसले आणि मान वाकडी करून वर बघायला लागले. तिथला म्हातारा अटेंडंट धावत आला. त्याला वाटलं, चक्कर आली.

"नो इंक!" सासरे त्याला म्हणाले. "सर, नो इंक! ओन्ली प्रेशर!"

त्यांनी त्याच्या कोटाची बाही धरून त्याला खाली ओढलं. तोही बसला बिचारा, सांधे कुरकुरत. मग मी बसले. खालून, तिरकं बघितलं तर बगळ्याच्या अंगावर पीसन्‌पीस उठलेलं दिसत होतं. शाई न लावता नुसता ठोकळा दाबून काढलेलं. समोरून काहीच नाही, आणि बाजूनं बघितलं की अख्खा पक्षी. अटेंडंट म्हणाला, मी रोज इथं उभा असतो, मला हे कधी दिसलं नव्हतं. सासऱ्यांना इंग्रजी फारसं कळायचं नाही, पण एवढं कळलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. छापखाना सुटल्यापासून कुणी त्यांच्याकडून काही शिकलं नव्हतं, हे मला तिथं जमिनीवर बसल्या बसल्या उमगलं.

"ते झोपलेत," मुलगी हळूच म्हणाली.

"तो झोपलाय. बगळा. तो."

"पण आजोबा, पांढरे झालेत ते."

सासऱ्यांनी नकळत स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्या वेळी तिला पुढं काही दुरुस्त केलं नाही. परतताना बसमध्ये मात्र म्हणाले, "आपण वाघोबा म्हणतो. नागोबा म्हणतो. कोल्होबासुद्धा म्हणतो." मला वाटलं, आता माघार घेणार. पण नाही. "तरी व्याकरण ते व्याकरण," असं म्हणून त्यांनी मफलर आवळला.

त्या रात्रीच्या भाजीसाठी ठेवलेले बटाटे त्यांनी टेबलावर मागून घेतले. एक अर्धा कापला, माझ्या छोट्या सुरीनं त्यात लाल छातीच्या रॉबिन पक्ष्याचं अंग कोरलं, दुसऱ्यात त्याची छाती. तपकिरी बटाटा वेगळा, लाल बटाटा वेगळा. टेबलाला चिकटपट्टीनं दोन काड्या काटकोनात चिकटवल्या; कागदाचा कोपरा दर वेळी तिथंच टेकवायचा, म्हणजे रंगाला रंग बसतो. पहिले सात कागद वाया गेले. छाती कधी पायावर, कधी हवेत. आठव्याला रॉबिन नीट उतरला आणि मुलीनं अशी किंकाळी फोडली की वर झोपलेले हे धावत खाली आले.

"जानेवारी," सासरे म्हणाले. "खऱ्या वारांचं कॅलेंडर करू."

बारा महिने, लीड्समधली बारा जनावरं, आणि कोण कुठल्या महिन्यात ते मुलगी ठरवणार. कोल्ह्याला तिनं डिसेंबरात ठेवलं, सगळ्यात शेवटी. खाली वार आणि तारखा ते स्वतः लिहायचे, छापखान्यातल्या खिळ्यांनी जुळवल्यासारख्या सरळ. शाळेतून आलं की दोघं कामाला बसायचे. फेब्रुवारीचा कावळा, मार्चचा ससा. मी लॅबमधून आले की घरात कच्च्या बटाट्याचा आणि पोस्टर कलरचा वास यायचा, आणि सासरे त्यातलेच उरलेले तुकडे बाजूला ठेवून म्हणायचे, "ह्याची भाजी कर. जरा तिखट." जेवत होते ते. दोन-दोन पोळ्या मागून.

आणि कॅलेंडर मार्चपर्यंत आलं असतानाच त्यांची जायची तारीख आली.

त्या दिवशी सकाळी रेडिओवर सांगत होते, डोंगरावर बर्फ पडण्याची शक्यता आहे. मँचेस्टरहून विमान होतं, आणि तिथं जायचा मोटरवे त्या डोंगरावरूनच. हे गाडी सुरू करून बसले होते. मी दशम्यांचा डबा सासऱ्यांच्या हातात दिला. म्हणायचं होतं, चुकलं माझं. म्हणायचं होतं, जाऊ नका. किती वेळा मनात घोकलं होतं! आणि तोंडातून निघालं काय, तर, "जाताय कशाला? तिथं कोण बसलंय तुमच्यासाठी?"

बायको जाऊन वर्ष झालेल्या माणसाला. मी जीभ चावली, पण बाण सुटला होता. ते डबा काखेत धरून गाडीत जाऊन बसले. मुलीनं तीन महिन्यांची चित्रं त्यांच्या खिडकीला लावून दाखवली. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

मी घरात आले आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच परत घासली. मला स्वतःची इतकी चीड आली होती की दोन कप फुटले. मुलगी पुढच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर चढून बसली होती. कोरे नऊ कागद टेबलावर तसेच पडले होते. मला ते उचलवत नव्हते. असे दोन-अडीच तास गेले असतील.

"आई," ती पुढच्या खोलीतून ओरडली, "ते आलेत!"

"येऊ देत," मी सिंककडे तोंड करूनच म्हणाले. "बिनवर वीट ठेवलीय."

"पण ते बूट काढतायत."

ओल्या हातांनी मी धावले. दार उघडलं. सासरे उंबऱ्याशी वाकून लेस सोडत होते, आणि मागे हे दोन्ही बॅगा घेऊन, मला डोळ्यांनी काहीतरी खुणावत उभे.

"रस्ता बंद आहे," सासरे मान वर न करता म्हणाले.

त्यांच्या पाठीमागे लख्ख ऊन पडलं होतं. "हो का," मी म्हणाले, आणि तिथंच मला रडू फुटलं. "चुकलं माझं, बाबा," तेही तेव्हाच बाहेर पडलं, सगळं एकदम. ते म्हणाले, "आधी दार लाव. गारठा आत येतोय."

ह्यांनी नंतर सांगितलं, की डोंगराच्या माथ्यावर चहाला थांबले, तिथं सासऱ्यांनी डबा उघडला, एक दशमी खाल्ली आणि म्हणाले, "ती म्हणाली ते खरं आहे. तिथं कोण बसलंय? चल, वळव गाडी." रस्ता पुढं छान मोकळा होता.

मी डोळे पुसून किचनमध्ये आले तेव्हा ते टेबलाशी बसले होते. कोट अंगातच. चौथा कागद त्यांनी समोर ओढला, कोपरा काड्यांना टेकवला, आणि मुलीला विचारलं, "एप्रिलमध्ये इथं कोण येतात?"

येतात म्हणाले. येतं नाही, येतो नाही. मी नीट ऐकलं.

"स्वॉलो," मुलगी म्हणाली, म्हणजे पाकोळी. "ते आफ्रिकेतून येतात. खूप लांबून."

"आणि?"

"आणि इथं घर बांधतात."

"मग त्यांना दोन बटाटे लागतील," सासरे म्हणाले. मी टोपली त्यांच्यापुढं केली आणि कुकरला आणखी मूठभर तांदूळ लावले.